वेगळ्या कॅनमधलं दूध

स्वाती, तुझा दहावा होऊन आज पाच दिवस झाले आणि मी एकच शंका घेऊन बसले आहे. तुला ठाऊक होतं का? आठ वर्षं तू माझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्यास, माझ्या केसांना मेंदी लावलीस, मला आक्का आक्का करत राहिलीस. त्या सगळ्या काळात मी तुझं काय केलं होतं हे तुला ठाऊक होतं का?

गेलेल्या जावेवर शंका घेते म्हणून लोक मला नावं ठेवतील. ठेवू देत. माझा स्वभाव तुला माहीत आहे. निमगावच्या फाट्यावर दूध संकलन केंद्रात बसून मला बावीस वर्षं झाली. समोर आलेल्या प्रत्येक कॅनचा मी आधी वास घेते, मग माणसाचं तोंड बघते, मग मशिनला लावते. तोंड बघूनच निम्म्या वेळा कळतं की पाणी कुठं घातलंय, घरी का वाटेतल्या हापशावर. "आक्का, तुमी देवाच्या तीर्थालाबी लॅक्टोमीटर लावाल," असं तू म्हणायचीस, आणि रांगेतली माणसं हसायची. मीही हसायचे. पण लावला असता, हेही खरं.

त्याच केंद्राच्या मागच्या मोरीत, सकाळचं दूध गेल्यावर आपण दोघी कॅन घासत होतो, तेव्हा तू विचारलंस.

"आक्का, एक इचारू? रागावणार न्हाय ना?"

"इचार की."

"माझ्या अंगाला वास येतो का?"

मी कॅन घासत राहिले. येत होता. माझ्या नाकाला तो महिनाभर आधीच कळला होता. पण मी म्हणाले, "कसला वास? शेणाघाणीत राबतो आपण, मोगऱ्याचा येईल व्हय?"

"तसला न्हाय ओ. मासळीसारखा. अंगावरून पांढरं जातंय, पातळ पाण्यागत. काल ह्यांनी तोंड फिरवलं."

तू मान खाली घालून बोलत होतीस आणि मी तुला सांगितलं, "तुरटीच्या पाण्यानं आतून धूत जा. सकाळ-संध्याकाळ." तू मला विचारायला हवं होतंस की तुमाला कसं ठावं. तू विचारलं नाहीस. तुझ्या लेखी थोरल्या जावेला सगळंच ठाऊक असायचं.

मला ठाऊक होतं कारण मी अकरा वर्षं तेच करत होते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला हा त्रास लागला. तुझ्या थोरल्या दिरांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. त्यांचं अंथरूण ओसरीवर गेलं ते गेलंच. माणूस वाईट नाही, हे तूही बघितलंस. पण त्या अंथरुणाबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. हे मी तुला त्या मोरीत सांगितलं असतं तर तुझं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. मी तुला तुरटी दिली.

तीन महिने धुऊन त्रास वाढलाच. शेवटी तूच ठरवलंस, बारामतीला बायकांच्या डॉक्टरला दाखवायचं. इंदापूर जवळ होतं, पण इंदापुरात आपल्या केंद्रावरचं कुणी ना कुणी भेटतंच. घरी सांगितलं, आक्काच्या चष्म्याचा नंबर काढायचाय, सोबतीला जाते. आपल्या सासूबाई, आत्या, म्हणाल्या, "दोघींचं काय काम? एक डोळं तपासणार आन् एक काय करणार, ते धरून ठिवणार?" एसटीत बसेपर्यंत आपण हसू दाबलं होतं.

डॉक्टरबाईंनी तुला तपासलं, काचेच्या पट्टीवर काहीतरी घेतलं, आत जाऊन बघून आल्या. मग त्या बॅक्टेरियल व्हजायनोसिस अशा लांबलचक नावाच्या आजाराचं सांगायला लागल्या. आतमध्ये चांगले जंतू असतात, ते कमी झाले की दुसरे माजतात, म्हणून हा वास. खूप बायकांना होतो. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यांनी माजलेले जंतू मरतील, पण चांगल्यांची वस्ती परत उभी राहायला पाहिजे, म्हणून या कॅप्सूल. यात जिवंत जंतू आहेत, दह्यात असतात तसे. गोळी आणि कॅप्सूल एकदम घ्यायची नाही, मधे काही तास जाऊ द्यायचे.

"ह्या कॅप्सुलांनी बरं होईलच ना?" तू विचारलंस.

"काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. खात्रीनं नाही सांगत. पण गोळ्या मात्र मधेच सोडायच्या नाहीत."

माझ्या तोंडून तिथंच निघून गेलं. "खात्री न्हाय तर देता कशाला?"

त्या माझ्याकडं बघून हसल्या. "मावशी, खात्रीनं बोलणारा डॉक्टर तुम्हाला जास्त आवडला असता, पण मला खोटं बोलता येत नाही."

मला ते पटलं नाही. दुधात पाणी घालणारा माणूसही आधी असंच म्हणतो, माझं काय असेल ते तुमीच बघा. मग त्यांनी विचारलं, आतून काही धुता का? तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "न्हाय." माझी लाज राखायला तू डॉक्टरशी खोटं बोललीस. "धुत असाल तर बंद करा," त्या म्हणाल्या, तुला नाही, आपल्या दोघींच्या मधून दिसणाऱ्या मागच्या भिंतीला. नंतर त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काही त्रास, मावशी?" मी म्हणाले, "मला? छे!"

येताना स्टँडबाहेरच्या गाड्यावरून एक चष्मा घ्यावा लागला, कारण नंबर काढायला गेलेली बाई चष्म्याशिवाय परत कशी येणार? तो लावला की जमीन गुडघ्याएवढी वर यायची. मी पाय उचलून उचलून चालायला लागले. तू पदरात तोंड घालून हसलीस. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर गेले होते, एवढं एक चांगलं काम माझ्या नावावर आहे. पुढं मी तेही पुसून टाकलं, ते सांगते.

कॅप्सूल थंडीत ठेवायच्या होत्या. घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर आत्या विचारतील म्हणून तू त्या माझ्याकडं दिल्यास, केंद्रावरच्या फ्रीजमध्ये नमुन्याच्या बाटल्यांमागं ठेवायला. रोज सकाळी एक तिथं येऊन घ्यायचीस. मी डबी बघायचे आणि माझं डोकं फिरायचं. एवढी महाग वस्तू, आत काय तर म्हणे जिवंत जंतू. मग जिवंत असतील तर दूध विरजलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट. मी हयातभर दूध तपासते, मला कोण फसवणार?

दोन कॅप्सूल फोडल्या. पांढरी भुकटी निघाली, दूध पावडरसारखी. आता दूध घ्यायचं कुठलं? आपल्या चांदणी गाईला त्या आठवड्यात दगडी झाली होती, कास सुजून टणक झाली होती. जनावरांच्या डॉक्टरनं तिच्या सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या होत्या. तिचं दूध केंद्राला घालायचं नाही म्हणून वेगळ्या कॅनमध्ये काढत होतो, कानाला लाल चिंधी बांधलेल्या. ते ओतूनच द्यायचं होतं. असल्या भानगडीला चांगलं दूध कशाला नासायचं, असा विचार केला आणि त्या वेगळ्या कॅनमधलं वाटीभर घेतलं. कोमट केलं. भुकटी घातली. झाकून ठेवलं.

सकाळी तू आलीस तेव्हा मी वाटी तुझ्या पुढ्यात तिरकी केली. दूध पाण्यासारखं हललं.

"बघ. मेलेलं हायती. चुन्याची पूड हाय ही."

"पण आक्का, ते दह्याचंच जंतू हायत असं कुठं म्हणल्या त्या?"

"दह्यासारखं म्हणाली न्हवं? मग दही हुयाला नको?"

तू वाटीत बोट बुडवून चाखलंस. गोडच होतं. "मग गोळ्यांचं काय? तीनच दिवस झाल्यात. तोंड तांब्याचं भांडं चाटल्यागत लागतंय, पर वास गेलाय."

"वास गेलाय तर झालं की. जिनं कॅप्सूल खोटी दिली ती गोळी काय खरी देणार?"

तू गोळ्या सोडल्यास. उरलेल्या कॅप्सूल मी बायोगॅसच्या खड्ड्यात टाकल्या. माझं दुधातलं ज्ञान तुला डॉक्टरपेक्षा मोठं वाटलं, कारण सगळ्या गावाला वाटायचं.

त्यानंतर दोन दिवसांनी आत्यांनी चुकून त्याच चिंधीच्या कॅनमधलं दूध तापवलं आणि विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आरडाओरडा. "कुणाची नजर लागली गं विरजणाला! दह्याची कवडी म्हणून लागंना!" मी चुलीपाशी उभी होते. त्याक्षणी मला सगळं कळलं. इंजेक्शन दिलेल्या, ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध विरजत नाही. त्यातलं औषध विरजणाचेही जंतू मारतं. हे मी रोज केंद्रावर ओरडून सांगते. एका शेतकऱ्यानं असलं दूध आणलं की सगळ्या टाकीचं दही बिघडतं म्हणून मी लोकांशी भांडले आहे. आणि मी त्याच दुधात तुझी कॅप्सूल तपासली होती.

तू तेव्हा गोठ्यात होतीस. दहा पावलांवर. झाडू मारत होतीस, मला तुझी पाठ दिसत होती.

मी गेले नाही.

नंतर पुष्कळ वर्षांनी मला कळलं की त्या कॅप्सुलांतले जंतू दही लावायच्या कामाचे नसतातच. चांगल्या दुधातही कदाचित काही झालं नसतं, म्हणजे माझी परीक्षाच मुळात फालतू होती. पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, त्यामुळे याच्या आड मला लपता येत नाही. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की मी चुकले आहे आणि गोळ्या अजून तुझ्या ट्रंकेत आहेत. सांगितलं असतं तर तू परत सुरू केल्या असत्यास.

का नाही सांगितलं? लाज वाटली, हे अर्धं खरं. उरलेलं आज लिहिते. तू सात दिवसांत बरी झाली असतीस तर माझी अकरा वर्षं कशात गेली, या प्रश्नाला मला सामोरं जावं लागलं असतं. तुझा त्रास राहिला तर माझा त्रास म्हणजे बाईच्या जन्माला आलेलंच काहीतरी, असं म्हणून मला झोप लागत होती. स्वाती, तू बरी होऊ नयेस असं मला वाटलं होतं. फार नाही, थोडंसं. पण वाटलं होतं.

महिन्याभरात वास परत आला. तू मला न सांगता एकटी बारामतीला जाऊन आलीस, आणि कुणीतरी तुला स्टँडवर बघितलं. दत्ताभावजी केंद्रावर आले. तुझा नवरा म्हणजे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचं तोंड मला ओळखू आलं नाही.

"वहिनी, ही बारामतीला कुणाला भेटायला जाते?"

"मला काय ठावं?"

"मागं तुमी दोघी गेला व्हता."

"मी चष्म्याला गेले व्हते. ती कुठं कुठं गेली, मी काय माग धरून फिरले?"

बस. एवढंच बोलले. त्यानंतर तुझ्या अंगाच्या वासाला घरात एक अर्थ मिळाला. तुला लेकीसकट कोऱ्हाळ्याला माहेरी पाठवलं, ऊसतोड सुरू झाली तेव्हा, आणि गुढीपाडवा होऊन गेला तरी कुणी आणायला गेलं नाही. तुझा भाऊ तुला घेऊन आला तेव्हा मी उंबऱ्यात तुकडा ओवाळून टाकला. तू माझ्या पाया पडलीस. मी तुला उठवलंसुद्धा नाही.

माहेरी राहून तू सगळं औषध पुरं केलंस. गोळ्या सातही दिवस, कॅप्सूल पुढं कितीतरी महिने. त्रास गेला. मधे एकदा डोकं वर काढलं, परत गोळ्या घेतल्यास, परत गेला. मग आपलं भांडण सुरू झालं ते गेल्या महिन्यापर्यंत चाललं.

"बघा आक्का, कॅप्सुलांनी राहिलं का न्हाय बरं?"

"गोळ्या पुऱ्या घेतल्यास म्हणून राहिलं. त्या पुडीचा काय संबंध न्हाय."

"मंग पहिल्या खेपंला का परत आलं?"

"तुरटी व्हती तवा."

"तुरटी कुणी सांगितली व्हती?" आणि तू हसायचीस. मी अजूनही म्हणते, त्या कॅप्सुलांनी नेमकं काय केलं हे कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरबाईही तुला हेच सांगत आल्या. या एका बाबतीत मी अजून माघार घेत नाही, आणि भांडायला समोर तू नाहीस.

"तुमी एकदा चला की माझ्यासंगं," तू म्हणायचीस. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी चमकले. मी कुठं? मला काय झालंय? तर तू म्हणालीस, "आक्का, एका नळावर धुणं धुतो आपण." म्हणजे माझ्या कपड्यांवरचे डाग तुला पहिल्यापासून दिसत होते. आणि तरी त्या दिवशी मोरीत तू स्वतःचंच विचारलंस. की मला बोलतं करायलाच विचारलंस? याचीही शंका मला आता येते.

आणि तो चहा. मी चहा दिला की कपात बघून तू म्हणायचीस, "कुठल्या कॅनमधलं हाय?" गंमत म्हणून म्हणायचीस का? आत्यांचं विरजण बिघडलं तो आरडाओरडा तुलाही ऐकू गेला असणार. गाईंचं तू माझ्याइतकंच करायचीस. चिंधीच्या कॅनचं तुला न कळायला तू काय परक्या घरची होतीस? मग कळलं असेल तर तू मला कधी तोंडावर का विचारलं नाहीस? मला माफ केलं होतंस का मी सांगायची वाट बघत होतीस? मी वाट बघायला लावली. आणि चार दिवसांच्या तापानं तुला नेलं. त्या तापाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, पण माझं बोलणं त्यानं कायमचं तोडलं.

परवा दुखवट्याला बायका आल्या होत्या. आत्या मधे बसलेल्या. तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होत्या, रडत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "पोर गुणाची व्हती. मधी एकदा जरा वाट चुकली, पर सुधारली बिचारी. आमी पदरात घेतलं."

बायकांनी माना हलवल्या. स्वाती, त्यांनी तुला माफ केलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. तू गेल्यावरही तुझ्या नावाला ते चिकटून राहणार होतं, आणि मायेनं चिकटून राहणार होतं, म्हणजे कुणी ते कधी काढणारही नव्हतं.

मी म्हणाले, "आत्या, ती वाट चुकली नव्हती."

"आता जाऊ दे, थोरली. गेलेल्या माणसाचं काय उगाळायचं."

"उगाळलं तुमी. ती बारामतीला दवाखान्यात जायची. अंगावरून जात व्हतं तिला. पहिल्या खेपंला मी बरोबर व्हते. चष्म्याचं खोटं व्हतं. मलाबी तोच त्रास हाय, एकोणीस वर्षं झाली. मला कुणी म्हणलं का वाट चुकली?"

 एक बाई पदराशी चाळा करत बसली, एक माझ्याकडं टक लावून बघत होती, जणू मी तिचंच काहीतरी उघड केलं. मग दुधाचं सांगितलं. गोळ्या मी सोडायला लावल्या ते सांगितलं. भावजींनी विचारलं तेव्हा मी काय बोलले तेही. आत्यांनी तोंडावर पदर घेतला. रागानं का कशानं, मी बघितलं नाही. बाहेर ओसरीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा कळलं, भावजी तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते केंद्रावर आले. रांग नव्हती. हातात तुझी दवाखान्याच्या कागदांची निळी फाईल.

"तिच्या ट्रंकेत व्हती," ते म्हणाले. "कोऱ्हाळ्यासनं आली तवा तिनं ह्यातला एक कागद दाखवला व्हता मला. मी हातात घेतला न्हाय. म्हणलं, कागद कुणीबी लिहून देतंय, वहिनी तर म्हणत्यात त्या चष्म्यालाच गेल्या व्हत्या. ती म्हणाली, बरं, ठिवून देते, वाचावासा वाटला तर वाचा."

"मग वाचला?"

"आत्ता काढलाय. दिसंना मला. तुमी वाचा."

डॉक्टरबाईंची इंग्रजी औषधं वर होती. खाली, तुझ्याच सांगण्यावरून असणार, त्यांनी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं. मी उभी राहिले आणि वाचलं: "हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो. बाहेरच्या संबंधांमुळेच होतो असे नाही. यावरून पत्नीवर शंका घेऊ नये. गोळ्या पूर्ण घ्याव्यात. कॅप्सूलचा उपयोग होईलच असे नाही, पण घेऊन पाहाव्यात."

ते भिंतीला टेकून खाली बसले. दूध घालायला एक म्हातारा आला, दारात थांबला, आमच्याकडं बघून कॅन तिथंच ठेवून उभा राहिला. मी कागद घडी घालायला लागले.

"मोठ्यानं वाचा, वहिनी," दत्ताभावजी दारातल्या म्हाताऱ्याकडं बघत म्हणाले. "त्यांनाबी ऐकू द्या."

मी परत पहिल्यापासून वाचलं.